सुई दुखते, धोका दुखत नाही

पहिला टॅटू काढायला निघालेली मुलं माझ्या हातावरचं पान पाहिलं की हटकून विचारतात, "ताई, लय दुखते का?" दुखतं. सुई कातडीत शिरते, दुखणारच. पण ते दुखणं तासा-दोन तासांचं असतं, आधीपासून माहीत असतं आणि तयारीनं गेलं तर पेलवतं. खरी काळजी ज्यांची करावी त्या गोष्टी त्या खुर्चीत बसल्यावर अजिबात दुखत नाहीत. आधी कोणाच्या तरी हातात शिरून आलेली सुई दुखत नाही, लेबल नसलेलं मलम दुखत नाही आणि आपल्याच रक्तात लपलेला आजारही दुखत नाही. माझा अनुभव सांगायचा तो याचसाठी.

आमच्या घरात दुखणं नवीन नाही. माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे, मी वाहक आहे. या आजारात रक्तातल्या गोल लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात आणि हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य कळा येतात. विदर्भातल्या कितीतरी घरांना हे सांगावं लागत नाही. भावाला असा झटका आला की डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" तो लहानपणापासून आकडा सांगतो. ओरडत नाही, लपवतही नाही. सहा म्हणाला की सलाइन लागणार, हे आम्हाला कळतं.

पानाचं चित्र त्यानंच काढलेलं. आमचे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला धम्मदीक्षेच्या वेळी नागपूरच्या दीक्षाभूमीच्या मैदानावर होते. तिथला बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या वृक्षाच्या रोपापासून वाढलेला, ते रोप भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणलेलं. त्या झाडाचं एक पान दोघांनी हातावर काढून घ्यायचं असं ठरलं होतं. त्याच्या डॉक्टरांनी त्याला नाही म्हटलं आणि कारणंही नीट समजावली. जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, तीव्र वेदना, मनावरचा ताण, यांतल्या कशानंही सिकलसेलचा झटका येऊ शकतो. शिवाय तो घेतो त्या हायड्रॉक्सीयुरियानं पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणजे जखम चिघळण्याची भीती वाढते. त्यानं ऐकलं. पान मी एकटीनं काढून घेतलं.

म्हणून पहिली गोष्ट ही: विदर्भातल्या मुलामुलींनी टॅटूच्या आधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. नागपुरात मेडिकल, मेयो, डागा अशा सरकारी रुग्णालयांत ती होते. वाहकाला बहुतेक वेळा काही त्रास नसतो. रुग्णानं मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुईखाली हात देऊ नये. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, जुन्या जखमांचे व्रण फुगून जाड होत असतील, गर्भार असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तरी हेच.

उठून यायची तयारी ठेवा

मी ज्या पहिल्या ठिकाणी गेले ते दिसायला चकचकीत होतं. एसी, भिंतीभर चित्रं, मंद गाणी. मी बसेपर्यंत मशीनला सुई लावून झालेली होती आणि ट्रेमध्ये शाईच्या टोप्या भरलेल्या होत्या. "सुई माझ्यासमोर उघडा," म्हटलं तर उत्तर आलं, "मॅडम, नवीच आहे, आत्ताच लावली." असेलही. पण ते मला कळणार कसं? मी बयाणा सोडला आणि उठून आले. तेव्हा संकोच वाटला होता. आज प्रत्येकाला हेच सांगते की तेवढे पैसे जाऊ द्या.

टॅटूची सुई कातडीच्या वरच्या थराखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल शाई सोडते. प्रत्येक टोच्यात रक्ताशी संबंध येतो. तीच सुई दुसऱ्याला वापरली, तीच शाई पुन्हा वापरली, तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान सात दिवस तग धरतो. नुसतं पुसल्यानं सुई स्वच्छ होत नाही.

दुसऱ्या ठिकाणी टॅटू काढणाऱ्या पोरानं मी न विचारताच सगळं दाखवलं. सीलबंद पाकीट माझ्या हातात दिलं, त्यावरची मुदतीची तारीख वाचायला लावली, मग फाडलं. नवे हातमोजे घातले. हातावरची लव काढायला नवं रेझर घेतलं. मशीन आणि तिची वायर प्लॅस्टिकच्या आवरणात गुंडाळलेली होती. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपीत ओतली आणि उरलेली नंतर फेकली. वापरलेली सुई जाड, बंद डब्यात टाकली. मध्येच फोन वाजला तेव्हा मोजे न बदलता त्यानं तो उचलला नाही. तुम्हीही हेच पाहा. यातली एक जरी गोष्ट नसेल तरी हात मागे घ्या.

जत्रेत, रस्त्याकडेला, एका बैठकीत रांगेनं दहा जणांना टोचून देणाऱ्याकडे जाऊ नका. माझ्या आजीच्या हातावर आणि हनुवटीवर गोंदण होतं. "मेल्यावर एवढंच संगं येते पोरी," असं ती म्हणायची आणि त्या ठिपक्यांचा तिला अभिमान होता. त्या परंपरेबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण एका सुईनं गावभर गोंदण्याचे दिवस आता गेले पाहिजेत, आणि हे आजीलाही पटलं असतं. कुठे टोचून झाल्यावर सुईची शंका आलीच, तर गप्प बसू नका. 72 तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्याची औषधं तेवढ्याच वेळात सुरू करता येतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली. हिपॅटायटिस बीची लस मात्र आधीच घेऊन ठेवा. तिचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, त्यामुळे टॅटूचा विचार मनात आला की लगेच सुरुवात करा.

दुखणं पेलताना

मी पोटभर वरण-भात-पोळी खाऊन गेले होते, रात्री नीट झोपले होते, पिशवीत पाण्याची बाटली आणि गुळाचे खडे होते. हे सगळं कामाला आलं. उपाशीपोटी, रात्रभर जागून, उन्हातून धावतपळत आलेल्या माणसाला सुईखाली चक्कर येते ती बहुधा भित्रेपणानं नव्हे. रक्तदाब एकदम उतरतो म्हणून. कानात गुंई होऊ लागलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच सांगा, आडवे व्हा, पाय थोडे वर घ्या. दारू पिऊन तर जाऊच नका. दुखणं कमी होत नाही, रक्त जास्त येतं, आणि चांगला कारागीर तुम्हाला हातही लावणार नाही.

पहिली रेघ सर्वांत बोचरी होती. उन्हानं भाजलेल्या कातडीवरून कोणी बोराटीचा काटा हळूहळू ओढत न्यावा, तसं. काही वेळानं त्या जागेला सवय झाली आणि बोचरेपण जाऊन नुसती धग राहिली. पानाचा फुगीर भाग कोपराखालच्या मांसल जागी होता, तिथे सोसलं. पानाचं लांब टोक मनगटाकडे उतरायला लागलं तशी हाडाजवळची कंपनं दातांपर्यंत पोचली. मनगट, घोटा, फासळ्या, पाठीचा कणा, कातडी पातळ आणि हाड जवळ अशा जागा जास्त दुखतात. दंडाची बाहेरची बाजू, हाताचा मांसल भाग त्यामानानं सोपा. पहिला टॅटू असाच, सोप्या जागी आणि लहान काढावा.

भावाची पद्धत मी तिथे वापरली. सुरू करण्याआधीच त्या पोराला सांगितलं, "मी आकडा सांगत जाईन. सात म्हटलं की थांबायचं." चार, पाच, पुन्हा चार. मनगटाशी सात आलं, सुई लगेच उचलली गेली. मी पाणी प्यायले, गूळ खाल्ला, पुन्हा बसले. हात अचानक मागे ओढण्यापेक्षा आकडा सांगणं केव्हाही बरं. रेघ वाकडी जात नाही. सोबत श्वासाकडे लक्ष ठेवा. दुखलं की आपण श्वास रोखतो आणि अंग आवळतो, त्यानं दुखणं वाढतं. सुई लागताच तोंडानं सावकाश श्वास सोडा, जबडा आणि खांदे सैल ठेवा. सोसण्याची शर्यत लावायला तिथे कोणी आलेलं नसतं. नको वाटलं तर उरलेलं काम दुसऱ्या दिवशी करता येतं.

बधिर करणाऱ्या मलमाचं मात्र जपून. त्यात बहुधा लिडोकेन असतं. मोठ्या भागावर थापून वर प्लॅस्टिक गुंडाळलं, किंवा सोललेल्या कातडीवर लावलं, तर ते जास्त प्रमाणात रक्तात जातं. झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. 2024 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं टॅटूसाठी विकल्या जाणाऱ्या अशा जहाल मलमांबद्दल लोकांना इशारा दिला होता. डबीवर घटक आणि प्रमाण लिहिलेलं नसेल तर लावू देऊ नका. वापरायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, थोड्याच जागेवर. दुखू नये म्हणून आधीच अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, त्यानं रक्त जास्त वाहतं. डॉक्टरांनी हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन दिलं असेल तर ते मनानं बंदही करू नका. आधी त्यांच्याशी बोला.

घरी आल्यावर

ताजा टॅटू ही जखम असते, हे घरच्यांनाही समजावून सांगा. माझ्या आत्यानं हळद आणली, शेजारच्या काकूंनी खोबरेल तेल. दोघींना नमस्कार करून मी साधंच केलं. हात धुवून, सौम्य साबण आणि स्वच्छ पाण्यानं जागा धुवायची, मऊ कापडानं टिपायची, सांगितलेलं मलम अगदी पातळ लावायचं. काही दिवसांनी खपली धरते आणि खाज सुटते. खाजवू नका, खपली ओढू नका. शाई तिच्यासोबत निघते. वरची कातडी भरायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर स्विमिंग पूल, तलाव, कडक ऊन टाळा.

नागपूरकरांनी हवामान पाहूनच दिवस ठरवावा. नवतपात टॅटू नको. पारा 45 च्या आसपास, घाम, धूळ, कूलरची दमट हवा, यांत जखम बरी व्हायला वेळ लागतो. होळीच्या किंवा मारबतीच्या गर्दीच्या तोंडावरही नको. दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस उत्तम.

दुखणं रोज थोडं कमी होत गेलं पाहिजे. दोन-तीन दिवसांनंतर ते वाढायला लागलं, लाली पसरली, पू आला, ताप भरला तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. फोटो पाठवून मित्रांना विचारत बसू नका.

नोकरी आणि रक्तदान

भरतीच्या तयारीला लागलेल्या पोरांनो, हे नीट वाचा. लष्कराच्या भरतीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला कायमचा टॅटू चालतो. इतरत्र असेल तर बाद होऊ शकता. आदिवासी समाजाच्या रूढीनुसार असलेल्या गोंदणाला सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत हाताच्या आतल्या बाजूचा टॅटू फक्त डाव्या हातावर, म्हणजे सॅल्यूट न करणाऱ्या हातावर चालतो, आणि तोही त्या भागाच्या पाव हिश्श्याहून लहान लागतो. प्रत्येक भरतीची जाहिरात वाचूनच जागा ठरवा. लेझरनं काढू म्हणाल तर ते अनेक बैठकांचं, खर्चाचं आणि टॅटूपेक्षा जास्त दुखणारं काम आहे, आणि खूण पूर्ण जाईलच असं नाही.

टॅटूनंतर आपल्या नियमांप्रमाणे 12 महिने रक्तदान करता येत नाही. माझ्या भावासारख्या कित्येकांना दुसऱ्याच्या रक्तावर उभं राहावं लागतं. तुम्ही नेहमीचे रक्तदाते असाल तर आधी रक्त द्या, अंगात ताकद येऊ द्या, मग सुईखाली बसा.

माझं पान मला आवडतं आणि तुम्हीही हौसेनं टॅटू काढावा असंच मला वाटतं. फक्त "किती दुखतं" याच्या आधी "सुई कोणाची" हे विचारा. सिकलसेलची तपासणी आणि हिपॅटायटिस बीची लस, ही दोन कामं आधी उरका. त्यानंतर पोटभर जेवून, सोबत एक माणूस घेऊन जा.