पर्जन्यनोंदीचा आपोआप तयार होणारा आलेख

पर्जन्यमापकाची नोंद ठेवणे जितके आवश्यक, तितकेच ती वेळीच पाहणेही आवश्यक आहे. वहीतील आकड्यांवरून पावसाचा खंड किती दिवसांचा झाला हे चटकन ध्यानात येत नाही. आलेखात तो एका दृष्टिक्षेपात दिसतो. उभ्या पिकास संरक्षक पाणी केव्हा द्यावे, हे ठरविण्यास त्याचा मोठा उपयोग होतो. संगणकावरील साध्या साधनांमुळे असा आलेख आता रोज हाताने काढावा लागत नाही.

तक्ता कसा मांडावा : पहिल्या स्तंभात तारीख, दुसऱ्यात पाऊस व तिसऱ्यात शेरा असावा. १ जून ते ३० सप्टेंबर या १२२ दिवसांच्या तारखा आरंभीच भराव्यात. रोज सकाळी ८.३० वाजता मोजलेला पाऊस त्या तारखेपुढे लिहावा. 'मि.मी.' हे एकक फक्त शीर्षकात लिहावे. आकड्यास ते जोडल्यास संगणक त्या नोंदीस मजकूर समजतो व ती आलेखात येत नाही.

साधने कोणती : गूगल शीट्स हे साधन मोबाइलवरही विनामूल्य वापरता येते. लिबरऑफिस कॅल्क विनामूल्य असून त्यास इंटरनेट लागत नाही. एक्सेल असल्यास तेही चालेल. तिन्हींत तारीख व पाऊस यांच्या सर्व १२२ ओळी निवडून 'इन्सर्ट'मधून 'चार्ट' घ्यावा व स्तंभालेख निवडावा. पुढे आकडा भरताच त्या दिवसाचा स्तंभ आपोआप उभा राहतो. पुष्कळ गावांचे आलेख एकदम काढावयाचे असल्यास न्यूप्लॉट हे विनामूल्य साधन उपयुक्त आहे. त्यास आज्ञा एकदा लिहून दिल्या की त्याच पुन्हा चालविता येतात.

दक्षता : पाऊस नसल्यास ० लिहावा. मोजणी चुकल्यास जागा रिकामी सोडून शेऱ्यात तसे नमूद करावे. दुसऱ्या दिवशीच्या मापात दोन दिवसांचा पाऊस एकत्र आलेला असतो, त्याचीही नोंद करावी. स्तंभालेखात शून्य व रिकामी जागा सारखीच दिसते. त्यामुळे नोंद न केलेले दिवस कोरडे भासतात आणि नसलेल्या खंडापायी विहिरीचे पाणी खर्ची पडते. म्हणून खंडाचा निष्कर्ष काढण्यापूर्वी शेऱ्याचा स्तंभ अवश्य पाहावा. आलेख आपोआप निघतो. नोंद मात्र माणसानेच खरी ठेवावी लागते.