मराठी नाव तुटतंय? पायथन २ आणि ३ मधला फरक समजून घ्या



बिल किंवा लेबल छापायला तुम्ही कुणाकडून पायथनमध्ये छोटा प्रोग्राम करून घेतला असेल, तर हा धडा तुमच्यासाठी. पायथन २ चा अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. जुना प्रोग्राम पायथन ३ वर नेताना आधी मराठी नावं तपासायची. का, ते बघू.

कॉम्प्युटर अक्षरं नाही, बाइट साठवतो. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. 'मीना' म्हणजे म, वेलांटी, न, काना अशी ४ चिन्हं, म्हणून १२ बाइट.

पायथन २ मध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे बाइटच. मराठीसाठी 'युनिकोड' हा वेगळा प्रकार वापरावा लागायचा. तो वापरला नसेल तर 'मीना'ची लांबी १२ येते. लेबलवर नाव १० वर कापलं, की शेवटचा काना मधेच तुटतो आणि कचरा छापला जातो. इंग्रजी नावांवर टेस्ट केली तर हे कळतच नाही!

पायथन ३ मध्ये स्ट्रिंग म्हणजे अक्षरचिन्हं, लांबी ४. बाइट हा वेगळा प्रकार. दोन्ही जोडायला गेलात तर लगेच एरर येतो. घाबरू नका, चूक गिऱ्हाइकासमोर येण्याआधी सापडली हे बरंच.

प्रोग्राम बदलून घेताना ३ गोष्टी करा:

१. ग्राहकांच्या फाइलची कॉपी आधी बाजूला ठेवा. नावांच्या जागी प्रश्नचिन्हं सेव्ह झाली, तर मूळ नाव त्या फाइलमध्ये उरतच नाही. मग उधारी कोणाकडे मागणार?

२. फाइल वाचताना आणि लिहिताना, दोन्ही वेळा एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहायला सांगा. नाहीतर विंडोजवर भलतीच पद्धत धरली जाऊ शकते.

३. 'ज्ञानेश्वर', 'श्रीकृष्ण' अशा जोडाक्षरांच्या नावांवर टेस्ट घ्या. पायथन ३ सुद्धा 'ज्ञ' एक मोजत नाही. ज, हलन्त आणि ञ अशी ३ चिन्हं मोजतो. म्हणून नाव कापण्यापेक्षा लेबलवर जागा वाढवा.

आजचा गृहपाठ: तुमच्या यादीतलं सगळ्यात लांब मराठी नाव घ्या आणि एक बिल छापून बघा.