एन्लार्जरचे जुने भिंग आणि कपाशीवरची कीड



दहावीला 'भिंगे व त्यांचे उपयोग' हा पाठ आहे. सूत्र पाठ होतं, गणितंही सुटतात. पण आपल्या मुकुटबनच्या शिवारात त्याचा काय उपयोग? आज तेच पाहू.

एन्लार्जर म्हणजे काय?

रोलच्या कॅमेऱ्याच्या काळात स्टुडिओत एक अंधारी खोली असायची. तिथे छोट्या निगेटिव्हवरून मोठा फोटो काढणारं यंत्र म्हणजे एन्लार्जर. निगेटिव्हही सपाट आणि कागदही सपाट, म्हणून त्याचं भिंग असं बनवत की मध्यभागाइतकेच कोपरेही स्पष्ट यावेत, तेही जवळच्या अंतरावर. निकॉनचं एल-निक्कोर, श्नायडरचं कॉम्पोनॉन, रोडेनस्टॉकचं रोडागॉन ही त्यातली नावाजलेली. स्टुडिओ डिजिटल झाले आणि ही भिंगं माळ्यावर गेली.

कॅमेऱ्याला कसं जोडायचं?

या भिंगाला फोकस करायची कडी नसते. म्हणून भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये लोहाराच्या भात्यासारखी घडीची नळी (बेलोज) किंवा साध्या नळ्या लावतात. बऱ्याच भिंगांचे आटे ३९ मिमीचे असतात. त्याचं अडॅप्टर मिळतं. काही भिंगांवर आकडे उजळण्यासाठी छोटी खिडकी असते. तिच्यातून नको तो उजेड आत शिरतो, म्हणून तिथे काळी पट्टी चिकटवा.

आता गणित

भिंगाचं नाभीय अंतर ५० मिमी धरा. प्रतिमा वस्तूएवढीच हवी असेल, तर वस्तू भिंगापासून १०० मिमीवर आणि सेन्सरही १०० मिमीवर. दुप्पट हवी असेल, तर वस्तू ७५ मिमीवर, सेन्सर १५० मिमीवर. सूत्रात घालून स्वतः ताळा करून पाहा.

सेन्सर लांब गेला की उजेड पसरतो. समान आकाराला तो एक चतुर्थांश उरतो, दुप्पट आकाराला एक नवमांश. म्हणून सकाळचं ऊन किंवा टॉर्च घ्या, कॅमेरा स्टँडवर ठेवा. आणि वस्तूपेक्षा प्रतिमा मोठी हवी असेल, तर भिंग उलटं लावा. कारण एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह भिंगाच्या मागच्या बाजूला असते आणि मोठं चित्र पुढच्या बाजूला पडतं. इथे कीड म्हणजे निगेटिव्ह आणि सेन्सर म्हणजे कागद.

कपाशीशी याचा संबंध काय?

पांढरी माशी जेमतेम १ मिमीची. २३.५ मिमी रुंदीच्या सेन्सरवर आडवे ६००० पिक्सेल असतील, तर समान आकाराला तिच्या वाट्याला सुमारे २५५ पिक्सेल येतात. म्हणजे पंख, पाय ओळखू येतात. मावा, तुडतुडे, फुलकिडे यांतला फरकही स्क्रीनवर मोठा करून दाखवता येतो. तुडतुड्यांची पिल्लं तिरकी चालतात, तेही टिपता येतं.

पानावर बारीक दोऱ्याच्या टोकाला अंडी दिसली, तर घाबरू नका. ती क्रायसोपाची, म्हणजे मित्रकीटकाची. त्याची अळी मावा खाते. ओळख न पटता पंप उचलला, तर मदतनीसच मरतो.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात हलक्यात घेण्यासारखी नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनेही कपाशी खाल्ली. ही अळी बोंडाच्या आत राहते, म्हणून तिच्यासाठी डोमकळी उघडून बघावी लागते, हिरवी बोंडं फोडावी लागतात, कामगंध सापळे लावावे लागतात. नुसत्या पानाच्या फोटोने ती सापडत नाही. भिंगाची मर्यादाही ओळखा.

फोटो काढला की तारीख, शेत आणि पानाची वरची की खालची बाजू हे लिहून कृषी सहायकांना दाखवा. औषध मारायचं की थांबायचं, हे त्यानंतर ठरवा. विनाकारण टळलेली प्रत्येक फवारणी म्हणजे वाचलेला पैसा आणि फवारणाऱ्याच्या जिवाचा टळलेला एक धोका.

स्वाध्याय

१. नाभीय अंतर ८० मिमी असेल, तर समान आकाराच्या प्रतिमेसाठी वस्तू व सेन्सर किती अंतरावर लागतील?
२. प्रतिमा तिप्पट केली, तर उजेड कितवा भाग उरेल?
३. घराजवळच्या कपाशीची पाच पानं उलटून पाहा. दिसलेल्या किडींची चित्रं वहीत काढा. नुकतीच फवारणी झालेल्या शेतात मात्र जाऊ नका.