हातातून गेलेल्या गावांचे तिकीट

प्रश्न : आजोबांच्या तिकिटांच्या वहीत पोर्तुगीज काळातले १९५७ चे एक तिकीट आहे. त्यावर दमण, दादरा आणि नगर हवेलीचा नकाशा आहे. पण दादरा-नगर हवेली तर १९५४ मध्येच मुक्त झाली होती ना? मग हे छापले कसे? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : शंका रास्त आहे. दादरा २२ जुलै १९५४ ला आणि नगर हवेलीतले सिल्वासा २ ऑगस्टला पोर्तुगीजांच्या हातून गेले. तरी तीन वर्षांनी नकाशा छापला तो चुकून नव्हे. १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले आणि आठ दिवसांनीच त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला : दमणहून या भागांत जायला वाट द्या. तिकीट निघाले तेव्हा तो दावा चालू होता. न्यायालयात अशा चित्राला पुरावा म्हणून फारसे वजन नसते. पण पत्र जाईल तिथे पोर्तुगालचे म्हणणेही फुकटात पोहोचे. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला : नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्य-पोलिसांना नव्हता, आणि भारताने काही गैर केलेले नाही.

पोर्तुगालच असे करी असे नाही. निकाराग्वाने १९३७ मध्ये होंडुरासशी वादात असलेला मुलूख आपल्या तिकिटावरच्या नकाशात दाखवला, तेव्हा दोन्ही देशांत लढाईची भाषा सुरू झाली होती.

पण मला विचाराल तर गोव्याची चित्रे याहून बेरकी होती. १९५२ मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या चारशेव्या स्मृतिवर्षाची तिकिटे निघाली. गोवा म्हणजे ख्रिस्ती भूमी, हे जगाला पटवायला असली चित्रे कामी येत. सप्तकोटेश्वराचे नार्वे ज्या तालुक्यात आहे, त्या तुमच्या डिचोलीला या चित्रात जागा कुठली? १९५६ मध्ये तर साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज सत्तेची मालिका आली. पण गोव्यातले पेडणे पोर्तुगीजांकडे गेले १७८८ मध्ये, म्हणजे तिथला हिशेब १६८ वर्षांचा!

गोव्याचे चित्र जगाला कसे दिसते, ही नजर आपल्या, म्हणजे गोवामुक्तीच्या बाजूलाही होती. १५ ऑगस्ट १९५४ ला पेडणे तालुक्यातल्या तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा लावणाऱ्या सत्याग्रहींच्या तुकडीचे नेते होते आल्फ्रेड आफोन्सो. त्याच दिवशी निघालेल्या इतर तुकड्यांपुढे टोनी डिसोझा आणि मार्क फर्नांडिस होते. तिन्ही नावे ख्रिस्ती. हा योगायोग असेल, असे मला वाटत नाही.