बर्फ कारखान्याची मोटर जास्त अ‍ॅम्पियर का घेते?

१५ ऑगस्टला आपल्याकडची मासेमारी बंदी संपते. १६ला तिघरा, हरसीकडे जाळी पडली की सगळ्यांना एकदम बर्फ हवा, आणि नेमकी तेव्हाच कॉम्प्रेसरची मोटर ट्रिप होते. मग कोणीतरी ओव्हरलोड रिलेचा आकडा वर करून ठेवतो. हे करू नका. त्याने लोड कमी होत नाही, मोटर जळते. रिवाइंडिंग होईपर्यंत रोहू-कटला बर्फाविना पडून राहतो.

मेमधल्या लूमध्ये चाललेली मोटर ऑगस्टमध्येच का अडते? याची दोन कारणं.

पहिलं, दमट हवा. कूलिंग टॉवरचं पाणी वाफ होऊनच थंड होतं. हवा ४४ अंश आणि दमटपणा १५ टक्के असेल, तर पाणी २३ अंशांच्या आसपास उतरू शकतं. हवा ३२ अंश पण दमटपणा ८० टक्के असेल, तर २९च्या खाली जातच नाही. पाणी गरम, की हेड प्रेशर वर. अमोनियाचं प्रेशर ३५ अंशांना गेजवर साधारण १२.५ बार, तर ४० अंशांना १४.५ बार असतं. तेवढा जोर मोटरलाच लावावा लागतो.

दुसरं, बंद टाकीतलं तापलेलं मिठाचं पाणी. त्याने सक्शन प्रेशर वाढतं, दर फेरीला जास्त गॅस ओढला जातो.

तपासताना हा क्रम ठेवा:

१. तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि अ‍ॅम्पियर मोजा. व्होल्टेज कमी असेल तर अ‍ॅम्पियर वाढतात. एकाच फेजला फरक असेल तर आधी वायरमनला बोलवा.

२. हेड जास्त, सक्शन ठीक: टॉवरचा पंखा, पंप, तुंबलेले नोझल, नळ्यांतला क्षार बघा. सगळं ठीक असेल तर आत हवा शिरली असेल. ती काढायचं काम मास्क घातलेल्या जाणत्या ऑपरेटरचंच.

३. सक्शन जास्त: टाकी उणे १०च्या आसपास येईपर्यंत सक्शन व्हॉल्व्ह थोडाथोडाच उघडा. सगळे साचे एकदम भरू नका.

४. दोन्ही प्रेशर ठीक: मेन स्विच बंद करून पट्टा, बेअरिंग आणि तेल तपासा.

बंदी संपायच्या चार-पाच दिवस आधीच टाकी थंड करायला घ्या. नळ्या त्याआधी साफ करा. रोज व्होल्टेज, अ‍ॅम्पियर, दोन्ही प्रेशर आणि पाण्याचं तापमान वहीत लिहा. आकडा कधी चढायला लागला ते वहीत लगेच दिसतं.

आणि नाववाल्यांनो, बर्फाची मागणी आठवडाभर आधी कळवा. मागणी माहीत असली की मशीनवर एकदम ताण येत नाही.