पाठ : एका गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीत

वर्गातला एक मुलगा म्हणाला, "बाई, बाबांनी अपघातात मोडलेल्या मारुती ८००चं इंजिन आमच्या बंद ८००मध्ये बसवलं!" मग त्यावरच पाठ घेतला.

ओम्नीतही तेच ३ सिलिंडरचे, ७९६ सीसीचे इंजिन. पण ८००मध्ये ते बॉनेटखाली आडवे बसून पुढची चाके फिरवते, ओम्नीत पुढच्या सीटखाली बसून मागची. म्हणजे इंजिन सारखे असले तरी माउंटिंग, गिअरबॉक्स जुळायला हवेत.

नंतर मुलांनी घरच्या आरसीवर इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर शोधले. इंजिन बदललं की आरटीओत नवा नंबर नोंदवावा लागतो. नाहीतर चोरीच्या मालाचा संशय येतो, विम्याचा दावाही अडकू शकतो.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा हळूच म्हणाला, "बाई, बाबांनी नोंद केलीच नव्हती. आज आरटीओत गेलेत."

पालकांनो, तुमचीही आरसी मुलांसोबत एकदा वाचा.