सौरशोषक: घेणे आणि राखणे

चि. मृण्मयी,

सोन्याचा पत्रा पिवळा झळकतो; त्याच सोन्याचे वीसेक नॅनोमीटरचे कण पाण्यात विखुरले, की पाणी लाल दिसते. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये अशा द्रावांचा अभ्यास केला, तर गुस्टाव्ह मी यांनी १९०८ मध्ये त्यामागचे गणित मांडले. प्रकाश पडताच कणातील मुक्त इलेक्ट्रॉन एकत्र आंदोलू लागतात. ठरावीक तरंगलांबीला अनुनाद होतो, कण प्रकाश जोरात शोषतो आणि ती ऊर्जा क्षणार्धात उष्णतेत बदलते.

सोन्याच्या लहान गोल कणांचा हा अनुनाद पाण्यात सुमारे ५२० नॅनोमीटरला येतो. सूर्यप्रकाशाचा बहुतेक भाग मात्र ३०० ते २,५०० नॅनोमीटरमध्ये पसरलेला असतो. तो सारा टिपण्यासाठी कणांचे आकार आणि त्यांतील अंतरे निरनिराळी ठेवावी लागतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विवेक पोलशेट्टीवार यांच्या गटाने तंतुमय सिलिकावर सोन्याचे कण असेच बसवून २०१९ मध्ये ‘काळे सोने’ जाहीर केले. ते दृश्य आणि निकट अवरक्त प्रकाशही शोषते.

तरीही नुसता काळेपणा पुरत नाही. भर उन्हात दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट ऊर्जा मिळते. १०० अंश सेल्सिअसला तापलेला पूर्ण काळा पृष्ठभाग सुमारे १,१०० वॅट बाहेर टाकतो. भोवतालाकडून काही परत मिळते, पण तापमान चढते तशी गळती झपाट्याने वाढते.

ही गळती दीर्घ अवरक्त तरंगलांबींची असते. तेथे चकचकीत धातू फार कमी उत्सर्जन करतो. म्हणून खाली तांबे किंवा ॲल्युमिनियम आणि वर धातूचे सूक्ष्म कण रुतवलेला सिरॅमिकचा अतिशय पातळ थर, अशी रचना करतात. वरचा थर सूर्यप्रकाश शोषतो. दीर्घ तरंगलांबींना तो जवळजवळ पारदर्शक असतो. क्रोमियम ऑक्साइडमध्ये क्रोमियमचे कण असलेला ‘काळा क्रोम’ याच जातीचा असून तो सौर बंबांत वापरला गेला आहे.

उच्च तापमानाला कण एकमेकांत मिसळतात आणि हवेत त्यांचे ऑक्सिडीभवन होते. म्हणून हे क्षेत्र निवडणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक नव्या शोषकाला चार प्रश्न विचारावेत: तो किती शोषतो, तापल्यावर किती गमावतो, किती वर्षे टिकतो आणि मोठ्या पत्र्यावर किती खर्चात चढतो. फक्त पहिल्याचे उत्तर देणारे संशोधन अपुरेच समजावे.

तुझा,
काका